नॉबला हात न लावता

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं असायचं आणि भक्तमंडळी वाकून आत शिरायची. दुकान हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायरचं, पण आत गेल्यावर त्याला दुकान म्हणायची कुणाची छाती होत नसे. जाड गालिचा, मंद दिवे, मधोमध चामड्याची खुर्ची आणि खुर्चीमागे काळ्या शर्टातला मालक. गिऱ्हाइकं त्याला महर्षी म्हणायची आणि तोही कधी नको म्हणाला नव्हता.

त्या रविवारी खुर्चीत बाबा बसले होते. पियानो सुरात लावण्यात त्यांची हयात गेली होती. लेक मागे भिंतीला टेकून उभी होती. ती इस्पितळात कान तपासायचं काम करायची, त्यामुळे बाबांचे कान दगा द्यायला लागलेत हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. वरच्या पट्टीतल्या तारा हल्ली त्यांच्या हातून बेसूर राहायच्या. एका संगीतशाळेने गाजावाजा न करता दुसऱ्या माणसाला बोलवायला सुरुवातही केली होती.

महर्षींनी आधी हेडफोनची वायर साध्या गोल भोकात खोचली. हा एका पायावर लंगडणारा नाद, असं त्यांनी जाहीर केलं. थोड्या वेळाने ती काढून दुसरी वायर जोडली आणि तिचा चार टाचण्यांचा जाड प्लग शेजारच्या भोकात बसवला.

"आणि हा बॅलन्स्ड. आता नाद दोन्ही पायांवर उभा राहिला. असा नाद कानात गेला की झोपलेल्या शिरा जाग्या होतात." त्यांनी दोन्ही तळहात वर करून गर्दीला दाखवले. "बघून घ्या. आवाजाच्या नॉबला मी हातही लावलेला नाही."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाण्याच्या मागे बारीक घंटी वाजतेय," ते म्हणाले. "मघाशी नव्हती."

गर्दीतून कौतुकाचे उसासे निघाले. एका वकिलांनी आपलाही कान इथेच उघडल्याचं शेजाऱ्याला सांगितलं. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बाबांचा उजळलेला चेहरा पाहून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा राग तिला पुढे बरेच दिवस येत राहिला.

महर्षींनी उपचार लिहून दिल्यासारखा सांगितला. अ‍ॅम्प्लिफायर घरी न्यायचा, बॅलन्स्ड वायर लावून नॉब मध्यावर ठेवायचा आणि रोज दोन तास ऐकायचं. डॉक्टर कानाला यंत्र चिकटवतात, आम्ही कानच नवा घडवतो, हे वर. बाबांनी अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला आणि लेकीने ठरवून दिलेली तपासणी रद्द करून टाकली.

मग रोज संध्याकाळी तोच प्रकार. हेडफोन बाबांच्या कानांवर आणि गाणं लेकीला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एक दिवस बाबा जेवता जेवता सहज बोलून गेले की कानात सारखी शिट्टी वाजते. महर्षींना विचारलं तर ते म्हणाले, छान, शिरा जाग्या होतायत.

लेकीने हातातला चमचा आपटला. "बाबा, कान भाजतोय म्हणून शिट्टी वाजतेय. आहे तेवढंही घालवून बसाल."

"तुझ्या तपासणीच्या खोलीत येऊन बसलो की तू कागदावर लिहिणार, कान गेला," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "मग मला कोण बोलावणार? तिथे निदान घंटी ऐकू येते."

भ्यालेल्या माणसाला वाद घालून काही पटत नाही, हे ती रोज पाहत होती. ज्याने या भीतीचा धंदा मांडला होता, त्याची मात्र तिला किळस आली.

पुढच्या रविवारी ती इस्पितळातून परवानगी काढून कृत्रिम कान घेऊन दुकानात गेली. नाव भारी असलं तरी वस्तू साधी असते. एक धातूची वाटी, तिच्या तळाशी मायक्रोफोन. वाटीवर हेडफोन ठेवला की आवाज किती मोठा आहे त्याचा आकडा दिसतो. बाबा खुर्चीत होतेच. महर्षींनी वायर बदलून तळहात वर केले, तेवढ्यात ती पुढे झाली.

"एकदा मोजू या का?"

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. साध्या भोकातून आलेला आवाज तिने मोजला, मग चार टाचण्यांच्या भोकातला. आकडा सरळ सहा डेसिबलने वर गेला आणि तो वकिलांनी स्वतः वाचून दाखवला.

"नॉबला यांनी हात लावला नाही, हे अगदी खरं आहे," लेक म्हणाली. "तीच तर लबाडी आहे. साध्या भोकाला या खोक्यातला एक अ‍ॅम्प्लिफायर काम करतो, या भोकाला दोन. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. जोर दुप्पट मिळतो, म्हणून त्याच नॉबवर आवाज मोठा येतो. शिराबिरा काही जाग्या होत नाहीत."

मग तिने बॅलन्स्ड प्लग तसाच ठेवून आकडा पहिल्याइतका होईपर्यंत नॉब खाली केला आणि हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. घंटी नव्हती. तिने साधी वायर जोडली, नॉब वर केला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"आली," ते म्हणाले. लंगड्या नादातून आली होती.

यंत्राला नादाचा आत्मा कळत नाही, असं काहीतरी महर्षी पुटपुटले. मग त्या आत्म्याला नॉब फिरवल्यावर पळून का जावं लागलं, असं वकिलांनी विचारलं. महर्षींना एकदम आतल्या खोलीत काम आठवलं.

बॅलन्स्ड वायर म्हणजे थोतांड नव्हे, हेही लेकीने सांगितलं. मंचावरच्या लांबलचक वायरीत गुणगुण शिरू नये म्हणून ती वापरतात, आणि एखाद्या हट्टी हेडफोनला जास्त जोर लागलाच तर तो तिच्यातून मिळतो. कामाची वस्तू आहे, औषध नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तपासणीच्या बंद खोलीत बसले. काचेच्या अलीकडून लेक एकेक स्वर सोडत होती, तो ऐकू आला की बाबांनी बटण दाबायचं. वरचे स्वर सुरू झाले तसे बाबांचे हात बटणावर नुसते ठेवलेले राहिले. ते वाट बघत होते आणि स्वर तर वाजून गेले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याच्या नादी लागून किती गेलं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती थांबली. "गेलंय ते परत येणार नाही बाबा. उरलंय ते सांभाळू."

महिन्याभराने महर्षी पुन्हा खुर्चीमागे उभे होते, कारण अशी माणसं दुकान बंद करत नाहीत. खुर्चीत एक म्हातारी बाई होती. महर्षींनी वायर बदलली, तळहात वर केले आणि नॉबला हातही लावला नसल्याचं सांगितलं. तेव्हा दारातून बाबा बोलले. त्यांच्या दोन्ही कानांवर यंत्रं होती आणि ती झाकायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता.

"लावा ना हात," बाबा म्हणाले. "आधी दोन्ही आवाज सारखे करा, मग बाईंना विचारा काय फरक पडला. आणि बाई, कान त्याच्याकडे नको, डॉक्टरकडे दाखवा. मी उशीर केला."

महर्षींचे तळहात अजून वरच होते. बाईंनी स्वतःच हेडफोन काढला आणि नॉबकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "करा सारखे."