बतुकम्माचा यंदाचा फोटो

इंदुताई बतुकम्मा रचायला बसल्या, की हिम्मतराव कॅमेरा पुसायला बसत. तेलुगू मुलखात, बरकतपुऱ्यात राहायला आल्यापासूनचा हा नेम. नवरात्रात शेजारच्या तेलुगू बायकांसारखीच इंदुताईही तरवड, झेंडू आणि कुरडूच्या तुऱ्यांची उतरंड ताटात रचायच्या, खाली अंगणात ठेवून तिच्याभोवती फेर धरायच्या, आणि मध्येच भोंडल्याचं एखादं गाणं घुसवून द्यायच्या. फेर सुरू होण्याआधी ताट हातात घेऊन त्या हिम्मतरावांसमोर उभ्या राहत. वर्षाचा तो एक फोटो हिम्मतरावांचा. बाकी त्या घरात त्यांचं असं फारसं काही नव्हतं. पुस्तकंसुद्धा इंदुताईंच्या मर्जीनं कपाटात राहत.

यंदा हस्ताचा पाऊस दुपारपासून लागून राहिला. फुलांचे देठ कापता कापता इंदुताई म्हणाल्या, "अहो, कॅमेरा राहू द्या वरतीच. तुम्ही आणि तो, दोघंही भिजलात की अंथरूण धरता. फोटो हर्षद काढेल. त्याच्या कॅमेऱ्याला पाणी बाधत नाही."

हर्षद म्हणजे वरच्या मजल्यावरचा, पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेला तरुण. मागच्या आठवड्यात त्यानं बायकांसमोर आपला कॅमेरा चक्क नळाखाली धरून दाखवला होता. ती हकिकत इंदुताईंनी जेवताना सांगितली, दुसऱ्या दिवशी फोनवर बहिणीला सांगितली, आणि दर वेळी त्यातला नळ थोडा मोठा होत गेला. हिम्मतराव मान खाली घालून घास चावत राहिले. उभ्या संसारात त्यांनी कुठल्या पुरुषाचा हेवा केला नव्हता. म्हातारपणी तो असा यावा, याची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हेवा कमी झाला नाही.

संध्याकाळी ते पोर्चमध्ये खांबाला टेकून उभे राहिले. हर्षद भर पावसात मांडी घालून, वाकून, वळून फोटो काढत होता. बायका त्याला हाका मारत होत्या. उजेड उतरू लागला तसा तो धावत पोर्चमध्ये आला, मोठी लेन्स काढून म्हणाला, "काका, ही जरा धरा ना," आणि खिशातली, कमी उजेडात चालणारी लहान लेन्स कॅमेऱ्याला लावून पुन्हा पावसात गेला.

हिम्मतरावांनी हातातली लेन्स फिरवून पाहिली. तिच्या बुडाशी रबराची बारीक कडी होती. लहान लेन्स लावताना त्यांनी पाहिलं होतं; तिला तशी कडी नव्हती. असा कॅमेरा त्यांनी कधी घेतला नव्हता, पण त्याविषयी मिळेल ते सगळं वाचलं होतं. कॅमेरा कितीही बंदिस्त असो, लेन्सला कडी नसेल तर दोहोंच्या सांध्यातून पाणी आत शिरतं.

सांगायला हवं होतं. पण आपलं वाचणंच चुकलं असेल तर? पोरगा हसेल, बायका हसतील. आणि त्या शंकेच्या खाली दुसरंच काहीतरी दबा धरून बसलं होतं. शिरू दे पाणी. कॅमेरा बंद पडला, की आपण वर जाऊन आपला आणू. मग फोटो आपलाच.

हा विचार त्यांना इतका गोड लागला की ते घाबरले.

इंदुताई ताट घेऊन पुढे आल्या. हर्षदनं शर्टाच्या टोकानं लेन्स पुसली. पाण्याचा ओघळ लेन्सवरून मागे सरकत नेमका सांध्यापाशी थांबला. कॅमेऱ्यानं काय वाकडं केलं होतं कुणाचं? हिम्मतरावांनी कुणाचीतरी छत्री उचलली आणि ते पावसात उतरले.

"त्या लेन्सला रबर नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

"काका, वॉटरप्रूफसारखाच आहे हा."

"कॅमेरा आहे. लेन्स नाही. सांध्यातून पाणी जाईल."

हर्षदनं लेन्सचं बूड बोटानं चाचपलं आणि त्याचा चेहरा पडला. मोठ्या लेन्सला आता उजेड पुरला नसता. हिम्मतरावांनी छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः बाहेर राहिले. पाणी त्यांच्या चष्म्यावरून गळू लागलं.

"काकू, इकडे बघा," हर्षद म्हणाला.

इंदुताई तिकडे बघायला तयार नव्हत्या. "अहो, कायकू भिजताय? टोपी तरी घाला." हर्षदनं तेवढ्यात बटण दाबलं.

रात्री जेवणाआधी फोटो फोनवर आला. हिम्मतराव तो घेऊन खिडकीशी बसले. इंदुताईंच्या कपाळावर दोन-तीन थेंब होते, ताट किंचित कललेलं. त्या रागावल्या होत्या आणि आता हसणार होत्या. हिम्मतरावांनी काढलेल्या सगळ्या फोटोंत त्या रेशनकार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या ताठ असत. समोर कॅमेरा असायचा, आणि यांचं तोंड त्याच्याआड.

म्हणजे ही आपल्याकडे अशी बघते. आणि ते टिपलं हर्षदनं.

"कसा आलाय?" इंदुताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"बरा आलाय," ते म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. मग ताटं मांडली जाईपर्यंत त्यांनी तो तीनदा उचलून पाहिला.