घड्याळजींच्या उजव्या कानातून बोलतोय

मी कानाला लावायचं यंत्र बोलतोय. पटापट बोलतो, कारण माझे मालक आत्ता फोनवर आहेत आणि पलीकडून कुणी उचललं की मला गप्प बसावं लागेल. अर्थात तशी घाई नाही म्हणा. अडतीस मिनिटं झाली, एकच धून वाजतेय आणि मधूनमधून एक बाई गोड आवाजात सांगतेय, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." महत्त्वाचा आहे तर उचला की!

दुकानातल्या सगळ्या घड्याळांत पावणेपाच झालेत. पाचला एका पोरीच्या नोकरीचा निकाल लागणार आहे. तो आमच्यामुळे वाईट लागू नये म्हणून ही धडपड. आमच्यामुळे म्हणजे मालकांमुळे. माझा त्यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी घेवड्याच्या दाण्याएवढा. कारखान्यात माझी तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा पास. मग मला मखमली डबीत निजवलं आणि सोबत सहा सेलचं पाकीट दिलं. प्रत्येक सेलवर नारिंगी चिकटपट्टी. ती सोलायची, सेलला मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मग तो जागा होतो. एवढं सगळं चित्रं काढून पुस्तिकेत छापलंय. पुस्तिका वाचतं कोण? लोक डबी उघडतात आणि पुस्तिका टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घालतात.

माझे मालक घड्याळजी. पुढे दुकान, मागे घर. चाळीस वर्षं घड्याळ कानाला लावून ते सांगायचे, "याचं चाक लंगडतंय." पण गेली दोन वर्षं घड्याळ लंगडतंय की धावतंय, काहीच कळेना. शेजारच्या शिंप्याचं घड्याळ त्यांनी दोनदा दुरुस्त करून दिलं, दोनदा बंद पडलं. शिंपी भला माणूस. तिसऱ्यांदा आणून देताना म्हणाला, "घाई नाही हो, मला तसंही वेळेचं काय काम?" मालकांना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर 'दुकान कायमचं बंद' असं सुबक अक्षरात लिहिलं आणि पाटी कपाटामागे उभी केली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती केर काढताना पाहिली. फोन घेतला आणि ऑनलाइन मला मागवलं.

मी आलो. मालकांनी डोळ्याला भिंग लावून मला उलटसुलट पाहिलं, म्हणाले, "काम बरं आहे." मी फुललो! मग त्यांनी सेलचं पाकीट उचललं, तोंड वाकडं केलं आणि खणात भिरकावलं. "कंपन्या सोबत देतात ते सेल म्हणजे नुसती धूळफेक. आपल्याकडचा घालू." आणि त्यांनी माझ्या पोटात मनगटी घड्याळाचा सेल घातला. मापाला अगदी बरोबर बसला, हेच तर दुर्दैव! घड्याळ बिचारं चिमणीसारखं टिपतं, मला पोटभर लागतं. मी एकदा कुईं केलं आणि मान टाकली.

"बिघडलेलं पाठवलंय," मालक म्हणाले.

अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाकीट खणात, खण हाताशी, आणि हे निघाले तक्रार करायला. मी डबीत पडून सगळं ऐकत होतो. ऐकायला मला काही लागत नाही, पुढे पोचवायला दम लागतो.

आधी त्यांनी एका बोटाने टाइप करत ॲपवर तक्रार केली. तिथे माणूस नव्हता, यंत्रच होतं, म्हणजे आमच्याच जातीतलं. त्याने विचारलं, "आपली अडचण काय आहे?" मालकांनी लिहिलं, "ऐकू येत नाही." उत्तर आलं, "क्षमस्व! आम्ही आपल्याला लगेच फोन करतो."

फोन वाजला. वाजला, वाजला आणि थांबला. काकू बाजारात गेल्या होत्या. मालक फोनशेजारीच बसून फोनची वाट बघत होते. थोड्या वेळाने संदेश आला, "आपण फोन उचलला नाही. आपली अडचण सुटली असे समजून तक्रार बंद करण्यात आली आहे."

हे असं तीन दिवस चाललं.

शेवटी आज सकाळी काकूंनी स्वतः फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक मुलगी. आवाज कोवळा, पण धीराचा. म्हणाली, "नियमाप्रमाणे ज्यांच्या नावावर वस्तू आहे त्यांच्याशीच बोलावं लागतं."

"अगं बाई, त्यांना ऐकू आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

मुलगी हसली, चक्क हसली, आणि म्हणाली, "बरं काकू, मी तुम्हाला विचारते, तुम्ही त्यांना विचारा."

मग सुरू झाला तमाशा. मुलगी हळू विचारायची, काकू ते मालकांच्या कानात ओरडायच्या, मालक त्याहून मोठ्याने उत्तर द्यायचे. शिंपी कात्री हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"सेल पाकिटातलाच घातलाय ना, विचारा."

"अहो, सेल कुठला घातलात?"

"सेल?" मालकांच्या नाकाला मिरची झोंबली. "कालची पोर मला सेल शिकवणार? चाळीस वर्षं सेल घालतोय मी! दहा हजार घातले असतील!"

"काका, तरी एकदा पाकिटातला घालून बघा ना," मुलगी म्हणाली. "चिकटपट्टी सोलायची, मिनिटभर थांबायचं. माझ्यासाठी."

शाबास पोरी! मी डबीतून ओरडलो असतो, पण दम कुठे होता? मालकांनी हात झटकला, "यंत्र बदलून द्या, एवढंच सांग!"

मुलगी हळूच म्हणाली, "काकू, आता तुम्हाला माझ्या कामाला एक ते पाच तारे द्यायला सांगतील. आज माझ्या उमेदवारीचा शेवटचा दिवस आहे. पाच वाजता कायम करायच्या लोकांची यादी वर जाते. जमलं तर बघा."

काकू पाच नंबर दाबणार तेवढ्यात मालकांनी फोन ओढून घेतला आणि एक दाबला. असा दाबला की बोट पांढरं पडलं.

दुपारी ताट मालकांसमोर जरा जोरात ठेवलं गेलं. ते जेवत असताना काकूंनी खण उघडला, चिकटपट्टी सोलली, घड्याळाकडे बघत मिनिट मोजलं, मला भरवलं आणि मागून येऊन मालकांच्या कानात बसवलं.

काय सांगू! आधी नळाचं टपटपणं गेलं आत. मग शिंप्याची मशीन. आणि मग भिंतीवरची एकवीसच्या एकवीस घड्याळं एकदम. मालकांचा घास हातातच राहिला. ते उठले, हात न धुताच पुढे गेले, डाव्या हाताने शिंप्याचं घड्याळ उचललं आणि माझ्याशी धरलं.

"लंगडतंय," ते म्हणाले. "अगं, लंगडतंय! मला कळलं!" आणि रडले. मी कानात होतो, खोटं कशाला सांगू?

मग डोळे पुसून म्हणाले, "कंपनीने लांबूनच दुरुस्त केलेलं दिसतंय."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा. काकूंनी नुसतं बोट पुढे केलं. बोटाच्या टोकावर नारिंगी चिकटपट्टी होती. मग मुलगी शेवटी काय म्हणाली तेही सांगितलं. ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळी राहून गेलं होतं. आता हळूच सांगितलं. मालकांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

दिलेला तारा परत कसा घ्यायचा? ॲपवरच्या आमच्या जातभाईला त्यांनी लिहिलं, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "क्षमस्व, मला समजलं नाही. वस्तू बदलून हवी का? पैसे परत हवेत का?" मालकांनी पुन्हा लिहिलं, "चूक माझी आहे." तो पुन्हा म्हणाला, "क्षमस्व." रागावलेल्या माणसासाठी तिथे अकरा बटणं आहेत. चुकलेल्यासाठी एकही नाही. बनवणाऱ्याला वाटलंच नसेल की असंही कुणी लिहील.

म्हणून हा फोन. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. मघाशी मालकांनी कपाटामागची पाटी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीने घेतलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला आणि समोर ठेवली. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आमच्यापैकी कुणी बंद पडलं तर जरूर ओरडा, पण आधी एकदा आपला खण उघडून बघा.

थांबा! धून बंद झाली. पाचला चार मिनिटं आहेत. ती मुलगी नाही, कुणी साहेब आहे. चढ्या आवाजात ओरडतोय, नोंदीत लिहिलं असणार की गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही.

"बोला! काय तक्रार आहे?"

मालक ताठ बसले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिहून घ्या," मालक म्हणाले. "तक्रार माझ्याविरुद्ध आहे. आणि साहेब, हळू बोला. तुमच्या त्या मुलीमुळे मला आता ऐकू येतं."