नऊ पंचवीसला जाणारं नेट

रुपचंदने गच्चीवरच्या त्या पांढऱ्या डिशवरून तळहात फिरवला आणि उलटा करून पाहिला. धुळीचा कण नव्हता.

"माय, इतली चोख डिश आख्खा तालुकामा नई," तो म्हणाला.

जिन्याच्या तोंडाशी पदर सावरून उभ्या असलेल्या यशोदाबाईंना बरं वाटलं. पण त्यांची सून मोहिनी कठड्याला टेकून नुसती त्या डिशकडे बघत होती, आजाऱ्याच्या खाटेकडे बघावं तशी.

रुपचंदची ही तिसरी खेप. चोपड्याला त्याचं टीव्हीच्या छत्र्या बसवायचं दुकान. आता हे आकाशातून येणारं नेटही तोच बसवायचा. पहिल्या खेपेला त्याने वायर बदलली, दुसऱ्या खेपेला खोलीतला नेटचा डबा फ्रिजपासून दूर नेला आणि निंबाची एक फांदी तोडायला लावली. दुकान उघडून, इथवर गाडी हाकत यायला त्याला अकरा वाजायचे, आणि अकराला नेट असं धावायचं की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरतो, त्यातली गत.

"बठ्ठं ठीक शे, माय. आते मी काय करू?" असं म्हणत तो जिना उतरला.

काय करणार म्हणा! सातपुड्याच्या पायथ्याचं हे शेतातलं घर, चहूबाजूंनी केळी. टॉवरची रेंज बांधापर्यंत येते आणि तिथेच बसते. मोहिनी जळगावच्या पिंप्राळ्यातली, शिकलेली. लग्नानंतर वर्षभराने तिला पुण्याच्या एका विमा कंपनीचं घरबसल्या काम मिळालं, म्हणून तिच्या नवऱ्याने, प्रेमराजने, हे नेट घेतलं होतं. रोज साडेनऊला तिची मीटिंग. ती दार लावून, केस नीट करून पाच मिनिटं आधीच बसायची, आणि नेमकं तेव्हाच सगळं गोठायचं. बंद दाराआडून तिचा आवाज यायचा, "हॅलो सर, ऐकू येतंय का?" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

आता शुक्रवारी तिला वरच्या साहेबांसमोर अर्धा तास बोलायचं होतं. त्या दिवशीही तुटलं, तर एक तारखेपासून पुण्याला येऊन बसा, नाही तर काम सोडा, असं तिला साफ कळवलं होतं. भाकरी थापता थापता यशोदाबाईंनी ते ऐकलं होतं, आणि त्यावरचं प्रेमराजचं उत्तरही. तो म्हणाला होता, जा मग तू पुण्याला, केळीची कापणी झाली की मीही तिकडचं बघतो. थापता थापता भाकरी हातातच फाटली होती.

"तुनी नोकरी जाई का व?" त्यांनी मोहिनीला विचारलं.

"नाही जाणार, आई," मोहिनी म्हणाली. पण तिने वर पाहिलं नाही.

यशोदाबाईंना नेटमधलं काही कळत नव्हतं. त्यांना नेम कळत होता. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, माळेचे एकशे आठ मणी, आणि मग गच्चीवर पाखरांना दाणा. हा शेवटचा नेम मुळात त्यांचा नव्हता. तो त्यांच्या यजमानांचा. तीस वर्षं पाखरांना टाकल्याशिवाय वनाभाऊंनी तोंडात घास घातला नाही. जळगावच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, त्यांनी एवढंच विचारलं होतं, की टाकलं का. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि नेम यशोदाबाईंकडे आला, त्यांच्या पितळी ताटासकट. त्यातच एक लंगडा कावळा यायला लागला, दहाव्याच्या आठवड्यापासून. बाकीचे कावळे घाईत, हा मात्र एका पायावर तोल सावरत सावकाश खायचा. यशोदाबाईंनी त्याच्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त तो खाऊन जाईपर्यंत त्या पदर डोक्यावरून खाली येऊ देत नसत.

ताट आधी कठड्यावर असायचं. माघात तिथे मांजराने एक साळुंकी धरली. त्या दिवशी यशोदाबाईंना अन्न गेलं नाही. मग प्रेमराजने नेटसाठी छातीइतक्या उंच गुळगुळीत पाइपवर ही पांढरी डिश बसवून घेतली, पाटासारखी सपाट, जराशी कलती. मांजराची नखं त्या पाइपला लागत नव्हती. यशोदाबाईंनी कलत्या बाजूला टेकूला लाकडाची चकती ठेवली, वर ताट ठेवलं, दाण्यांशेजारी पाण्याची वाटी. पाखरं जेवून गेली की ताट खाली आणायचं, खरकटं राहू द्यायचं नाही, म्हणून ओल्या फडक्याने डिश पुसायची. प्रेमराज तेव्हा केळीत असायचा आणि मोहिनी बंद दाराआड.

रुपचंद हात टेकून गेला, त्या संध्याकाळी त्या देवापुढे बसल्या. सुनेचं काम टिकू दे, अकरा दिवस पाखरांना दुप्पट दाणा घालीन, आणि शेवटचं पाखरू उडेपर्यंत ताट हलवणार नाही, असं त्या बोलल्या.

मंगळवारी नेट अर्धा तास गेलं. बुधवारी चाळीस मिनिटं.

बुधवारी मोहिनी खोलीतून बाहेर आली ती सरळ मोरीपाशी गेली आणि नळ सोडून तोंड धूत राहिली. बराच वेळ. यशोदाबाई मागे टॉवेल घेऊन उभ्या होत्या, आणि मनात म्हणत होत्या, उद्यापासून तिप्पट घालते.

गुरुवारी दुपारी रुपचंद पुन्हा आला. या वेळी तो गच्चीवर गेलाच नाही. ओट्यावर बसून त्याने मोहिनीचा फोन मागून घेतला, त्यात नेट कंपनीचं ॲप उघडलं आणि महिनाभरात नेट तुटल्याच्या वेळा वाचायला लागला. नऊ पंचवीस. नऊ चोवीस. नऊ पंचवीस. रविवारीसुद्धा नऊ पंचवीस.

"आभाळाकडे काहीतरी आडवं येतंय, असं दाखवतं हे," तो मोहिनीला म्हणाला. मग थोडं थांबून, "ताई, बिघाड कधी वेळ पाळत नाही. वेळ माणूस पाळतं."

चहाचा कप घेऊन आलेल्या यशोदाबाई उंबऱ्यातच थांबल्या. माळ संपते सव्वानवाला. दाणे पाखडायला पाच मिनिटं. जिना चढायला गुडघे पाच मिनिटं घेतात.

"ती येळ मनी शे. मीच पाळस," त्या म्हणाल्या.

कुणाला काही समजलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, ताट, वाटी, मांजर. अकरा दिवसांचं तेवढं सांगितलं नाही. रुपचंदने कपाळाला हात लावला, हसू आवरलं आणि हळू आवाजात समजावलं, की ती डिश आभाळाकडे बघत असते, तिच्या तोंडावर पितळ ठेवलं तर ती बघणार कशी.

"कावळा वर बठना तरी लाईन तुटस, माय," तो म्हणाला.

मोहिनी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सासूच्या हातातला कप काढून घेतला, आणि एवढंच म्हणाली, "उद्या एक दिवस, आई. नाहीच टाकलं तर?"

यशोदाबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही.

शुक्रवारी माळ सव्वानवाला संपली. खाली दार लागलं. यशोदाबाई ताट घेऊन वर गेल्या, पण डिशपासून लांब, पाण्याच्या टाकीपलीकडच्या कोपऱ्यात. कठड्यावर मांजर बसलेलं होतंच. म्हणून त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. दोन्ही हातांनी ते छातीसमोर धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. एरवी त्या "या रे, या" करून हाक मारत. आज ओठ मिटलेले, कारण मोहिनीच्या खोलीची खिडकी खालीच होती. चिमण्या आल्या, बिचकल्या, मग एक ताटाच्या काठावर उतरली. दंडांना कळ लागली. खालून मोहिनीचा आवाज येत होता, न अडखळता, अखंड.

मग तो आला. लंगडा. सवयीने सरळ डिशवर उतरला, एका पायावर तोल सावरला आणि ताट कुठे गेलं म्हणून मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागला.

खाली आवाज तुटला. "हॅलो सर?"

यशोदाबाईंनी ताट डाव्या हातावर तोललं. उजवा हात वर उचलला, तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याच्यावर उगारला. तो लगेच उडाला नाही. त्यांनी पुन्हा हात उगारला. मग तो पंख पसरून केळीच्या बागेवरून सातपुड्याच्या बाजूला गेला.

खाली मोहिनीचा आवाज परत सुरू झाला होता. यशोदाबाईंच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. दोन्ही हात ताटाला लागलेले होते, म्हणून तो तसाच राहिला.