वाळवीनं खाल्लेली चार पानं

१९४८च्या दिवाळीनंतर श्रीरामपूरच्या बाजारतळावर गहिनीनाथचा सिनेमाचा तंबू पडला आणि मार्थाबाईंची झोप उडाली. तंबूबाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सात दिव्यांचा डोंगर. पुस्तकाबरहुकूम, तसूभरही फरक नाही.’

मार्थाबाई मिशनच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या हेच पुस्तक वाचून दाखवायच्या. मैना नावाची पोर एका लंगड्या, बोलक्या गाढवाला घेऊन डोंगराच्या पोटातले सात दिवे आणायला निघते, ही गोष्ट पोरांना तोंडपाठ होती. भानगड एवढीच, की शेवटची चार पानं वाळवीनं फस्त केली होती, तीही बाईंनी वाचायच्या आत. लढाईपासून कागदाची टंचाई, त्यामुळे पुस्तक पुन्हा निघालंच नाही. मग बाईंनी शेवट मनानंच रचला. गाढव मैनेबरोबर घरी येतं, गळ्यात घुंगुरमाळ घालून मिरवतं आणि रोज तिला शाळेत सोडतं. चाळण झालेल्या पुठ्ठ्याकडे बघत त्या हे इतक्या ठसक्यात वाचायच्या, की कुणाला कधी शंका आली नाही.

आणि याच बाई शुद्धलेखनात एक काना इकडचा तिकडे झाला तरी म्हणायच्या, “पुस्तकात आहे तसं लिहा. पदरचं घालणं म्हणजे खोटं बोलणं.” सहा वर्षं पदरचं घातल्यावर आता पोरांना तोंड कसं दाखवायचं, हाच घोर त्यांना लागला.

डोकं दुखतंय म्हणून त्यांनी सांगून पाहिलं. पण चांगुणा, वर्गातली सगळ्यात फटकळ पोर, घरी येऊन हाताला धरून त्यांना घेऊन गेली आणि तंबूत बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसवूनच थांबली.

सिनेमा झकास होता. वाक्य न् वाक्य पुस्तकातलं. गाढवानं तोंड उघडायच्या आत पोरंच त्याचं बोलणं म्हणून टाकत होती. सहा दिवे मिळाले. रीळ बदलायला कंदील लागले, तेव्हा बाई तंबूच्या दाराकडे बघत होत्या. मग सातवा दिवा पेटला, धूर झाला आणि गाढवाचा राजपुत्र झाला. कोरलेल्या मिशा, डोक्यावर मुकुट. त्यानं मैनेला रथात बसवलं, सनई वाजली, खेळ संपला.

चांगुणा उभी राहिली. “आन् गाढव कुठं गेलं?”

मग काय, सगळी चौथी उठली. सिनेमा चुकला, गाढव घरी आलंच पाहिजे, म्हणून पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. गहिनीनाथ धावत आला. लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक त्याच्या पेटीत होतं.

“पुस्तकात हाय तसंच दावलंय,” तो म्हणाला. “तुमच्या बाईच वाचतील आता.”

बाईंनी ती चार पानं जन्मात पहिल्यांदा पाहिली. धूर, मुकुट, रथ, सगळं छापलेलं होतं. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात पान कुणाला दिसणार होतं? घुंगुरमाळ अगदी ओठांवर आली होती. पण त्यांनी छापलं होतं तेच शेवटपर्यंत वाचलं.

“घरी येणारं गाढव माझ्या पदरचं,” त्या म्हणाल्या. “आपल्या पुस्तकाची ही पानं वाळवीनं खाल्ली होती. सहा वर्षं मी खोटं वाचलं.” लाजेनं त्यांना मान वर करवेना.

चांगुणानं जरा विचार केला. “म्हंजी घुंगुरमाळ तुमी घातली व्हय?”

“हो.”

“मग पुस्तकवाल्यालाच जमलं न्हाई.”

तंबूभर हशा पिकला. गहिनीनाथही हसला आणि ते पुस्तक त्यानं शाळेला देऊन टाकलं.

सोमवारी बाईंनी टेबलावर ठेवलेलं नवं पुस्तक मधल्या सुट्टीनंतर जागेवर नव्हतं.

“कुणी घेतलं?”

“म्या ठिवलंय, बाई,” चांगुणा म्हणाली. “कपाटात, तळच्या कप्प्यात. वाळवी तितंच लागती.”

बाईंनी कपाट उघडलं. पुस्तक मागच्या भिंतीला अगदी टेकवून, शेवटची पानं आत करून ठेवलेलं होतं. त्यांनी ते होतं तिथंच राहू दिलं आणि कपाट लावून टाकलं.