उत्तमरावांचं नाक

उत्तम साळवींचं नाक कोलशेतच्या कारखान्यात नावाजलेलं होतं. साबण, उदबत्त्या, बिस्किटं यांत घालायचे सुगंध तिथे बनत. नवा नमुना तयार झाला की साहेब लोक आधी साळव्यांना बोलावत. ते कागदाची पट्टी नाकाशी धरत आणि डोळे मिटून सांगत, "यात लवंगेचं तेल जुनं आहे." तपासलं की तसंच निघे. बत्तीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात माणसावर कमी आणि नाकावरच जास्त भाषणं झाली.

अशा माणसाच्या बायकोला, शीलाताईंना, स्वयंपाकघरात दुसरं कुणी परीक्षक लागत नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचं निमित्त करून उत्तमरावांचे लोणी-बटाटेवडे बंद केले, तेव्हा पुण्याहून लेकीनं, अक्षदानं, फोनवर ओव्हनमध्ये भाजायचे ओट्स शिकवले. "घोड्याचा खुराक!" म्हणून उत्तमरावांनी नाक मुरडलं होतं. पण शीलाताईंनी ते आपल्या पद्धतीनं वळवून घेतले. दुधात भिजवलेले ओट्स, कुस्करलेलं केळं, एक अंडं, थोडा गूळ, सफरचंदाच्या आणि नासपतीच्या फोडी, आणि वरून दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंगेची पूड. डोंबिवलीत थंडी ती काय पडणार! पण दिवाळी उलटून सकाळी फरशी पायाला गार लागायला लागली की त्यांच्याकडे हा नाश्ता सुरू होई. उत्तमराव पहिला घास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "आज जायफळ किंचित पुढे गेलं, शीला. पण दालचिनी? वा!" शीलाताई दुसऱ्या दिवशी जायफळ कमी करत. असे चार हिवाळे गेले.

जानेवारीतल्या त्या सकाळी चांगलाच गारठा होता. खिडक्या लावलेल्या होत्या. शीलाताईंनी ओट्सचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, शेगडीवर दूध ठेवलं आणि आंघोळीला जाता जाता म्हणाल्या, "अहो, दुधाकडे लक्ष ठेवा हं." उत्तमराव स्वयंपाकघरातल्याच टेबलापाशी पेपर घेऊन बसले होते. "हो, हो," म्हणाले.

केसांना टॉवेल गुंडाळून त्या बाहेर आल्या आणि पॅसेजमध्येच थबकल्या. गॅस! नुसता वास नव्हे, घसा धरणारा भपकारा. त्या स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलेलं, बर्नर विझलेला, बटण मात्र चालूच. आणि उत्तमराव एका हातानं फडकं फिरवत दुसऱ्या हातातला लायटर बर्नरकडे नेत होते. अगदी निवांत, काही झालंच नसल्यासारखे.

शीलाताईंनी झेप घेऊन नवऱ्याचं मनगट धरलं, लायटर ओढून घेतला, शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला.

"अगं, काय झालं? आत्ताच तर विझला!"

आत्ताच? एवढा वास भरायला पाच-सात मिनिटं तरी गेली असणार. तेवढ्यात त्यांची नजर ओव्हनवर गेली. आतली विजेची कांडी लालभडक तापलेली. हात आपसूक स्विचकडे गेला आणि मध्येच थांबला. गॅसचा वास असताना कुठलंही बटण दाबायचं नाही, हे सिलिंडरवाल्यानं चारदा बजावलेलं. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, नवऱ्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि ओल्या केसांनी, गाऊनवरच तीन मजले उतरून खालच्या मीटरच्या खोलीतला मेन स्विच पाडला. तळमजल्यावरच्या वैशालीनं विचारलं, "काकू, बरं आहे ना?" जिन्याच्या पायरीवर त्या मटकन बसल्या.

अर्ध्या तासानं घर मोकळं झालं. ओव्हनमधलं भांडं बाहेर काढलं, तर कडा शिजलेल्या आणि मधे पातळ लगदा. शीलाताई त्या लगद्याकडे बघत राहिल्या. भीती ओसरत होती तसा दुसराच एक विचार डोकं वर काढत होता.

"तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना. म्हणूनच तर उठलो."

"उठलात आणि लायटर घेतलात?"

उत्तमरावांनी पेपरची घडी घातली. शीलाताईंनी फळीवरून एक डबी काढली. "डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना!"

त्यांनी डबीचं झाकण उघडून ती नवऱ्याच्या नाकाखाली धरली. उत्तमरावांनी सवयीनं मान किंचित तिरपी केली, श्वास आत ओढला, क्षणभर थांबले. कारखान्यात थांबत असतील तसेच.

"दालचिनी," ते म्हणाले.

डबी हिंगाची होती.

शीलाताईंच्या हातातून झाकण खाली पडलं. त्या आवाजानं उत्तमरावांनी डोळे उघडले, डबीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कधीपासून?"

"करोना झाला तेव्हापासून."

"पण तेव्हा तर दोघांचाही वास गेला होता... मला परत आला त्याच दिवशी तुम्हीही म्हणालात, आला म्हणून!"

"तू चहाच्या पातेल्यावर वाकून रडत होतीस आनंदानं. मी म्हटलं, माझाही येईल चार दिवसांत. मग चार महिने झाले. मग सांगायचं कसं, तेच कळेना." ते खुर्चीत बसले. "लोक अजून म्हणतात, साळव्यांचं नाक. बाकी काय होतं गं माझ्याकडे?"

"आणि रोज सांगायचात ते? जायफळ पुढे गेलं, लवंग मागे पडली?"

"अंदाजानं. तू किसणी किती वेळ चालवतेस ते ऐकू यायचं ना."

शीलाताई भिंतीला टेकल्या. साडेचार वर्षं एका टेबलावर समोरासमोर बसून आपण काय बघत होतो? ज्या माणसाच्या शब्दावर त्या चिमूट-चिमूट मसाला बदलत आल्या, त्याला त्यातलं काहीच पोचत नव्हतं. राग यावा तर समोर बसलेलं माणूस पार खचलेलं. तो लायटर, ती लाल कांडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मग तुम्हाला हे ओट्स लागतात तरी कसे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खरं सांगू?"

"आता तरी."

"गोड, गरम, ओला पुठ्ठा."

शीलाताईंना हसू आलं का रडू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दोन्ही एकदमच आलं असावं.

त्याच आठवड्यात त्या त्यांना ठाण्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्री देता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास मन लावून हुंगा, कधी कधी थोडंफार परत येतं. ओट्यापाशी गॅस गळला की वाजणारा भोंगा बसवून घेतला. अक्षदाला उत्तमरावांनी स्वतःच फोन केला. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "बाबा, आईला एकटीला सोडून जाणार होतात तुम्ही."

ओट्स पुढच्या रविवारी पुन्हा झाले. शीलाताईंनी या खेपेला सुंठ दुप्पट घातली, वर खरपूस भाजलेले बदामाचे काप आणि लिंबाचा रस. उत्तमरावांनी घास घेतला, पण डोळे मिटले नाहीत.

"सुंठ झोंबते घशाला. बदाम कुरकुरीत आहेत. एवढंच कळतं बघ."

"एवढंच सांगायचं," शीलाताई म्हणाल्या. "एक शब्द जास्तीचा नको."

त्यांनी मान डोलावली. मग जरा वेळानं, खाली बघत विचारलं, "दालचिनीचा वास येतोय का गं?"

"येतोय."

"कसा?"

शीलाताईंनी श्वास घेतला. सांगायला गेल्या, तर शब्दच सापडेना.

"लाकडासारखा?" उत्तमरावांनी विचारलं. "की गोडसर, किंचित तिखट?"

"आधी लाकूड," त्या सावकाश म्हणाल्या. "गोड मागून येतंय."

"म्हणजे ताजी आहे," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.