हिरव्याच्या जागी हिरवाच

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडलं की सगळ्यांचे डोळे आधी इंजिनाकडे जातात. साहजिकच आहे, आवाज तेच करतं आणि भावही तेच खातं. त्याच्या बाजूला, बॅटरीला खेटून, एक काळी प्लॅस्टिकची पेटी असते. पुष्कळांना ती कसलं तरी झाकण वाटते. ती मी, या गाडीची जुनी फ्यूजपेटी.

मी एका मोठ्या कारखान्यात साच्यातून बाहेर पडले. माझ्या पोटात धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि मग रांगेने फ्यूज आले: लाल, निळे, पिवळे, हिरवे. रंगावरून कोण किती वीज सोसतो ते कळतं. प्रत्येकाला दोन पाय, आणि पायांना जोडणारी एक बारीक तार. दिव्यांची वीज एकातून जाते, भोंग्याची दुसऱ्यातून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याची हिरव्यातून. वीज बेताने आली तर ही मंडळी गुमान बसून राहतात. ती मर्यादा सोडून आली की आधी ती बारीक तार वितळते, वीज तिथल्या तिथे थांबते आणि पुढचं सगळं वाचतं. असे एवढेएवढेसे शूर माझ्या पोटात राहतात, याचा मला फार अभिमान आहे.

पहिल्या मालकाने मात्र मला कधी उघडून पाहिलं नाही. गाडी धुताना तो पाण्याचा फवारा सरळ माझ्यावर सोडायचा. माझ्या झाकणाची एक खिटी तुटलेली होती. तिथून पाणी आत शिरलं आणि पट्ट्यांवर हिरवट थर चढला. मनातल्या मनात चरफडण्यापलीकडे मी काय करणार?

मग गाडी दोन बहिणींच्या घरी आली. धाकटी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची, आणि गाडी चालवायची तीच. थोरलीला ती ताई म्हणे. जिन्यावरून पडून ताईच्या कमरेला मार बसला होता आणि पायांतलं बळ गेलं होतं. तिला व्यायामासाठी रुग्णालयात न्यायला म्हणूनच ही गाडी घेतली होती. ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावोजी, तिला उचलून मागच्या सीटवर बसवत. माणूस सोन्यासारखा, पण धीर म्हणून कसला तो नाही.

पहिल्याच सुट्टीला धाकटीने मला उघडलं. आधी किल्ली काढून खिशात टाकली, मग बॅटरीची एक तार सोडवली. झाकणाच्या आतला नकाशा वाचून कुठला फ्यूज कशाचा ते समजून घेतलं. छोट्या चिमट्याने एकेक फ्यूज उपसून उजेडात धरला आणि ज्याचा त्याच्याच जागी परत बसवला. हिरवट थर मऊ ब्रशने काढला, त्यावर विजेचे जोड साफ करायचा फवारा मारला आणि मला चांगलं वाळू दिलं. पाण्याचा थेंबही लावला नाही. तुटलेली खिटीसुद्धा तिने नवी आणून बसवली.

"अगं, पेटी आहे की तान्हं बाळ?" भावोजींनी चिडवलं.

"बाळ निदान रडून सांगतं, भावोजी. हिला कुठे रडता येतंय?"

इतक्या वर्षांत माझी बाजू घेऊन कोणी बोललं नव्हतं. मला अगदी भरून आलं.

पुढे एका सकाळी आम्ही रुग्णालयाकडे निघालो होतो. त्या दिवशी ताईला पहिल्यांदाच दांड्यांना धरून उभं करणार होते. चौकात थांबलो असताना तापमानाचा काटा भराभर वर चढला. धाकटीने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. ते निवल्यावर तिने मला उघडलं. पंख्याचा हिरवा फ्यूज उडाला होता. माझ्याजवळ दोन जादा हिरवे होते, त्यातला एक तिने बसवला. पंखा फिरला, गाडी थोडी पुढे गेली, एका खड्ड्यात आदळली आणि तोही उडाला.

भावोजी घड्याळाकडे बघत होते. "आजची वेळ हुकली तर पुढची कधी मिळेल काय माहीत!" असं म्हणून त्यांनी खिशातून चॉकलेटची चांदी काढली. "ही गुंडाळ त्या जळक्या फ्यूजला. राहिलाय कितीसा रस्ता?"

चांदी काही वेळेवर वितळत नाही. मग तारा तापतात आणि पेट घेतात.

"नाही," धाकटी म्हणाली. "हिरव्याच्या जागी हिरवाच."

"अगं, आठवडेच्या आठवडे वाट बघितलीय तिने!" भावोजींचा आवाज चढला.

"गाडीने पेट घेतला तर तुम्ही दार उघडून पळाल, मीही पळेन. ताई काय करेल?"

भावोजींनी चांदी मुठीतच चुरगाळली. मागून ताई म्हणाली, "मी बसलेय इथे निवांत. तू शोध नीट."

धाकटीने बॅटरीची तार सोडवली आणि पंख्याकडे जाणारी तार बोटांनी चाचपत नेली. एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घासून ती सोलली होती. धक्का बसला की आतलं तांबं पट्टीला टेकत होतं. तिने सोललेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली आणि भावोजींनी ती तार पट्टीपासून लांब बांधून टाकली. शेवटचा हिरवा फ्यूज आत गेला आणि टिकला. रुग्णालयात आम्हाला उशीर झालाच, पण तिथे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी ताईला सगळ्यांच्या शेवटी घेतलं. परतताना भावोजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "उभी राहिली गं, उभी राहिली!"

आता माझ्या झाकणाच्या आतला नकाशा फिका पडलाय. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखी एखादी असेल. मोठ्यांना सांगून अधूनमधून तिचं झाकण उघडायला लावा, तिला कोरडी ठेवा. आणि फ्यूज उडाला तर त्याच्यावर चिडू नका, तो का उडाला ते शोधा.

परवा सुट्टीच्या दिवशी बॉनेट वर गेलं, पण माझ्या खिट्या उघडणारी बोटं ओळखीची वाटेनात. बघते तर ताई! एक हात गाडीच्या कडेवर, दुसऱ्या हातात चिमटा. मागे भावोजी खुर्ची धरून उभे.

"पुरे आता, बस की. थकशील."

"थांबा हो जरा," ताई म्हणाली, "अजून पिवळे बघायचे राहिलेत."