कोंड्यावरची बुरशी

अक्षया, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, आमच्याकडे राहून कॉलेजात संशोधन करते. धामापूरच्या तळ्याकाठी कुजलेल्या पानांत तिला एक बुरशी सापडली. भाताच्या कोंड्यावर वाढवली की ती रक्ताची गुठळी विरघळवणारं एन्झाइम सोडते म्हणे. मला त्यातलं किती कळलं, कोण जाणे. पण गेल्या वर्षी माझ्याच हृदयाच्या नळीत एक गुठळी अडकली होती, म्हणून ती सांगू लागली की मी पुस्तक मिटून ठेवतो.

वादळात वीज गेली आणि कॉलेजच्या फ्रिजमधली बुरशी नासली. उरली ती एवढीच, आमच्या पडवीतल्या पसरट ताटात, ओल्या कोंड्यावर. पांढरी, कापसासारखी. दुपारी तिच्याकडे बघता बघता मला डुलकी लागे. झोपेत ती माझ्या अंगातून अलगद पसरत जाई, आणि आत जे जे घट्ट झालं होतं ते सैल होई.

एका दुपारी डोळे उघडले तर अक्षया पुढ्यात उभी. ताट नव्हतं.

"काकी! हयसर कोंडो होतो, तो खंय गेलो?"

"गाईक घातलंय," गोठ्यातून माझी बायको विमला म्हणाली. "बुरसलेलो होतो गो. भिजवलेलो कोंडो गाईकच घालतत मा?"

"काकी, माझा सगळा काम त्याच्यात होता!"

"मगे माका सांगूक नको? तुझे काका थंयच बसलेले, पण ते जागे खंय आसतत!"

अक्षया पायरीवर बसली. पुन्हा तळ्याकाठी जायचं, पुन्हा पानं उकरायची. तीच बुरशी परत भेटेल याचा भरवसा नाही.

"सगळो घातलंस?" तिने हळूच विचारलं.

"सगळो कसो घालीन? कोंड्याचा भांडा कोण खरवडून रिकामा करता? बरकत जाता. मूठभर ठेवलंय. थंय गोठ्याच्या पायरेर आसा ताट."

अक्षया धावली. विमला तिच्यामागून ओरडली, "गाईचा रगत पातळ होऊचा नाय मा?"

"औषध होऊक अजून खूप वर्षा आसत, काकी!" आता ती हसत होती.

काही दिवसांनी तिने मला प्रयोगशाळेत नेलं. वर्तमानपत्रावर काचेची बशी होती. बशीत गुठळीचा धुरकट थर, आणि त्या थरावर मूठभर कोंड्यातून वाढवलेल्या बुरशीच्या रसाचा थेंब. थेंबाभोवती धुकं विरळ होत होतं. की मलाच तसं वाटत होतं? मी चष्मा पुसला. बशीखालून आधी एक काना वर आला, मग अख्खं अक्षर, मग त्याच्या शेजारचं.

"काका, दिसता मा?"

"थांब," मी म्हणालो, "वाचतोय."